मूठभर लोखंड

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून, लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला असतो. लिंबाएवढाही नाही. एका टोकाला गुळगुळीत गोल गोटी, तिच्याखाली बोटाएवढी मान, आणि मान जिथे पुढे जायला हवी तिथे तुटलेला सपाट भाग. घरी आलेले पाहुणे तो हातात घेतात, वजन करून पाहतात आणि विचारतात, "हे काय आहे?" जीपच्या टायरॉडचा बॉल आहे, असं सांगितलं की बहुतेकांचा चेहरा कोरा राहतो. मग मला १९८६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट सांगावी लागते.

माझ्या मामांकडे तेव्हा लिलावात घेतलेली एक जुनी विलीज जीप होती. शेत भिवापूरच्या पलीकडे, मिरच्यांच्या मुलखात. हुरड्याचे दिवस होते. नागपूरहून पहाटे निघालो. पुढे मामा, मामी आणि धाकटी मावशी. मागच्या बाकांवर आम्ही पाच पोरं, पातेली आणि सतरंजी. उमरेडपर्यंत मामांनी जीप चांगली पन्नासच्या वेगाने हाकली. समोरून कोळशाचे ट्रक येत होते, ते सरसर बाजूने निघून जात होते आणि आम्ही गाणी म्हणत होतो. भिवापूर मागे टाकून पांदणीला लागलो तेव्हा जीप बैलगाडीच्या चालीने चालू लागली. एका नाल्याच्या उतारावर उजवं चाक दगडावर चढलं, खाली आलं, 'टण्' असा आवाज झाला आणि मामांच्या हातातलं स्टेअरिंग एकाएकी हलकं झालं. डावं चाक सांगितलेल्या दिशेने गेलं. उजव्याने मात्र परस्पर तुरीच्या शेताचा रस्ता धरला. एक चाक उमरेडला आणि एक पवनीला, असं मामा नंतर कितीतरी वर्षं सांगत असत. जीप बांधावर टेकून उभी राहिली. पातेली सांडली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गावातून मिस्त्री सायकलवर आला. तो खाली शिरला, तो तुकडा काढून हातावर घेतला आणि उन्हात धरून पाहत म्हणाला, "भाऊ, हा आज नाही तुटला. मागच्या पावसायापासून तुटून राहिला होता."

आमच्या नागपुरी बोलीला बाहेरची मंडळी हसतात, पण त्या दिवशी मिस्त्रीने जे सांगितलं ते तिच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या बोलीत सांगता आलं नसतं. लोखंड तुटतं ते एका क्षणी नव्हे. ते तुटून राहिलेलं असतं. आपल्याला आवाज येतो तो फक्त शेवटचा.

मामा त्या दिवशी फार बोलले नाहीत. उमरेडच्या सडकेवर, कोळशाचे ट्रक समोरून येत असताना तोच बॉल तसाच अर्धा तुटलेला होता, आणि त्याच्या भरवशावर आठ माणसं पन्नासच्या वेगाने गाणी म्हणत चालली होती, हा हिशोब त्यांनी केला असणार. मी तो पुष्कळ वर्षांनी केला.

आता हा बॉल म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपण स्टेअरिंग फिरवतो आणि चाकं वळतात, यामध्ये बरंच काही असतं. स्टेअरिंगचा दांडा खाली एका पेटीत जातो. पेटीतले आटे आपल्या हाताची पंधरा-वीस पट ताकद करून एका लहानशा दांडीला झोका देतात. गॅरेजमध्ये तिला पिटमन आर्म म्हणतात. ती ड्रॅगलिंक नावाच्या सळईला पुढे-मागे ढकलते, आणि शेवटी टायरॉड नावाची आडवी सळई दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते. चाकं तर खड्ड्यांप्रमाणे वर-खाली होणार, मग सळया घट्ट जोडून कसं चालेल? म्हणून प्रत्येक सांध्याला आपल्या खांद्याच्या हाडासारखा वाटीत बसलेला गोल बॉल असतो. वाटीत ग्रीस, वरून रबराची टोपी, खाली निमुळती मान, तिच्यावर खाचांचा नट आणि नट ढिला होऊ नये म्हणून त्यातून आरपार घातलेली दुमडलेली तार, म्हणजे स्प्लिट पिन. या पिनेची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी बनलेल्या विलीज जीपमध्ये तर एक सांधा जास्तीचा होता. ड्रॅगलिंक पुढच्या अ‍ॅक्सलवर बसवलेल्या एका फिरत्या कोपऱ्याला ढकलायची आणि त्या कोपऱ्यातून दोन टायरॉड दोन चाकांकडे जायचे. पुढे महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला याच घराण्यातल्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि त्या भारतभर तहसीलदारापासून वनखात्यापर्यंत सगळ्यांच्या दारात पोचल्या. हा फिरता कोपरा झिजला की जीप सरळ रस्त्यावरसुद्धा पिऊन आल्यासारखी चालायची. जुन्या ड्रायव्हरांना ती सवयच झाली होती; दोन्ही हातांनी सतत इकडेतिकडे करत ते जीप सरळ नेत. सिनेमातला नायक जीप चालवताना स्टेअरिंग उगाच हलवत राहतो म्हणून आपण हसतो. जुन्या जीपमध्ये ते उगाच नव्हतं.

डांबरी सडकेवर या सळयांना फारसं काम नसतं. गाडी चालती असली की चाक वळवायला जोर लागत नाही. खरी परीक्षा असते ती चाकोरीत रुतलेल्या, उभ्या गाडीची. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत जीप फसली आहे, चाक गाऱ्यात अर्धं बुडालं आहे आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढतो आहे, असं समजा. त्याने वीस किलोचा जोर लावला, स्टेअरिंगचं अर्धं रुंदीमाप वीस सेंटिमीटर, पेटीने तो जोर पंधरा पट केला आणि पिटमन आर्मची लांबी पंधरा सेंटिमीटर, तर हिशोबाने सळईवर चारशे किलो येतात. घर्षणात गेलेला भाग सोडला तरी तीनशेच्या घरातला भार अंगठ्याएवढ्या मानेवर पडतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर भार आणखी वाढतो आणि ड्रायव्हरच्या हाताला ते कळतही नाही.

उलट दिशेनेही तेच. चाक दगडावर आपटलं की धक्का सळयांमधून मागे पेटीकडे येतो. जुने जीपवाले नव्या पोराला पहिला धडा हा देत: अंगठे स्टेअरिंगच्या आत घालायचे नाहीत, वर ठेवायचे. दगडाने चाक फिरवलं की स्टेअरिंगचे आरे गरकन फिरतात आणि अंगठा मोडतो. मामांच्या डाव्या अंगठ्याचं पेर वाकडं होतं, ते त्यांनी हा धडा उशिरा शिकल्यामुळे.

टायरॉड दोन प्रकारे दगा देतो. एक म्हणजे वाकतो. लांब, बारीक काठी दोन्ही टोकांनी दाबली की ती मध्येच कमानीसारखी फाकते. छत्रीची काडी दाबून पाहा. यातलं गणित मोठं मजेचं आहे. सळईची जाडी वाढवली की वाकण्याला होणारा विरोध तिच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे वीस मिलिमीटरच्या जागी पंचवीस मिलिमीटरची सळई घातली, तर जाडी सव्वापट आणि ताकद जवळजवळ अडीचपट. लांबीचं मात्र उलट असतं. तीच सळई दुप्पट लांब केली की दाबाखाली तिची ताकद चौथ्या हिश्शावर येते. म्हणूनच पुष्कळदा टायरॉड भरीव नसून जाड नळी असतो. तेवढ्याच लोखंडात तो जास्त ताठ राहतो.

गंमत अशी की टायरॉड वाकला तर ते भाग्यच समजायचं. वाकलेला टायरॉड दिसतो. चाकं फाकतात, टायर एका बाजूने झिजतात, गाडी एकीकडे ओढते. जंगलात असे टायरॉड दोन झाडांच्या बेचक्यात घालून किंवा जॅक लावून सरळ करून घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. एकदा वाकून सरळ केलेली सळई पुन्हा तिथेच आणि पहिल्यापेक्षा लवकर वाकते, ही गोष्ट वेगळी. म्हणून जाणता कारखानदार या भागांसाठी असं पोलाद निवडतो की जास्त भार आलाच तर ते आधी वाकावं, काचेसारखं तडकू नये. बिडाच्या तव्याची आणि पोळपाटावरच्या लाटण्याची तुलना करू नये, पण बिडाचा तवा हातातून पडून तुटतो आणि लोखंडी तवा नुसता पोचतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. स्टेअरिंगचे भाग पोचणाऱ्यांतले हवेत.

दुसरा दगा म्हणजे माझ्या टेबलावरचा तुकडा. माझा एक मामेभाऊ त्या वेळी धातुशास्त्र शिकत होता. त्याने भिंग लावून मला तो तुटलेला भाग दाखवला. अर्ध्याहून अधिक भाग काळपट, गुळगुळीत आणि त्यावर ओळीने बारीक कमानी, ओढ्याच्या वाळूवर पाणी ओसरताना उठतात तशा. उरलेला कोपरा खरबरीत, दाणेदार, साखरेसारखा चमकणारा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती मानेच्या कडेला एका बारीक खाचेतून सुरू झाली, प्रत्येक धक्क्याला केसाच्या अंशाने पुढे सरकली, आत पाणी शिरलं, गंज चढला. चमकणारा कोपरा एवढाच काय तो त्या नाल्यात तुटला. अर्ध्याहून कमी लोखंडाने आम्हाला उमरेडहून भिवापूरपर्यंत आणलं होतं.

तारेचा तुकडा एकदा वाकवून तुटत नाही, दहा-वीस वेळा उलटसुलट केला की तुटतो, हे आपण लहानपणी करून पाहतो. पण थोर थोर इंजिनिअरांना हे नीट समजायला एक मोठा अपघात व्हावा लागला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गर्दीच्या आगगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला, डबे एकावर एक चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसं गेली. नव्यासारख्या दिसणाऱ्या अ‍ॅक्सलने असा दगा का द्यावा? तेव्हा समजूत अशी होती, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचा पोतच बदलतो, ते दाणेदार होतं. आमच्या मोटार स्टँडकडच्या जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडीही "लोखंड दाणेदार झालं" हे वाक्य मी ऐकलं आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची युरोपातली समजूत आणि ही, अगदी सख्ख्या बहिणी. पुढे जर्मनीत आउगुस्ट वोहलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने अनेक वर्षं अ‍ॅक्सल फिरवून, वाकवून, मोजून दाखवलं की एका वेळच्या भाराने जे पोलाद कधीच तुटणार नाही, तेच लहान भार लाखो वेळा उलटसुलट दिल्यावर तुटतं. आणि हेही दाखवलं, की भार एका मर्यादेच्या खाली ठेवला तर पोलाद जवळजवळ अमर असतं. आज प्रत्येक मोटारीच्या स्टेअरिंगचा प्रत्येक भाग त्या मर्यादेच्या पुरेसा खाली ठेवून आखलेला असतो.

आखलेला असतो. पण नंतर आपण त्याचं काय करतो?

घाव घालून घडवलेल्या पोलादात तंतू असतात, लाकडासारखे, आणि ते भागाच्या वळणाबरोबर वळलेले असतात. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जसारखे कारखाने चाकाचे नकल आणि पुढचे अ‍ॅक्सल असेच लालभडक पोलाद दाबून घडवतात. कातलेल्या भागात हे तंतू मध्येच कापले जातात. म्हणून खेड्यातला लेथवाला हुबेहूब तसा दिसणारा भाग कातून देतो, मिलिमीटरचाही फरक नसतो, आणि तरी तो तसा नसतो. वेल्डिंगचं त्याहून वाईट. तुटलेला टायरॉड गॅसने जोडला की जोड घट्ट दिसतो, मिस्त्री त्यावर हातोडा मारून दाखवतो. पण जोडाच्या शेजारची, तापून लवकर थंड झालेली पट्टी ठिसूळ होऊन बसलेली असते. पुढची चीर तिथून निघते. मी मिस्त्र्यांना दोष देत नाही. एटापल्लीकडे किंवा मेळघाटात सेमाडोहच्या पुढे गाडी मोडली तर नवा भाग आणायला दिवस जातो, आणि गाडीत कधी बाळंतीण असते. तिथे तार आणि ट्यूबची पट्टी बांधून हळूहळू गाडी आणणारा माणूस देवासारखाच. आमच्या मिस्त्रीनेही तेच केलं. पण जाताना मामांना दम दिला: "हे गावापर्यंतच. नागपूरले असेच गेले तं माह्यावर बोलू नका."

हे सगळं आज आठवायचं कारण निराळं आहे. तेव्हा जीपमधून पांदणीत जाणारे आम्ही थोडे होतो. आता नागपूरचं प्रत्येक घर वर्षातून एकदा तरी वाघ पाहायला निघतं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पेंच आहे, उमरेड-कऱ्हांडला आहे, नवेगाव-नागझिरा आहे. उघड्या गाडीत सहा प्रवासी, एक गाइड आणि एक ड्रायव्हर, पुन्हा आठच माणसं. यांतल्या कितीतरी गाड्या मारुतीच्या जिप्सी आहेत. १९८५ च्या अखेरीस आलेली ही गाडी सर्वसामान्य गिऱ्हाइकांना २०१९ च्या सुमारास मिळेनाशी झाली, म्हणजे आज जंगलात दिसणारी तरुणातली तरुण जिप्सीही काही वर्षं पावसाळे पाहिलेली आहे.

मी एकदा बसल्या बसल्या हिशोब केला. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी मिळून ऐंशी किलोमीटर धरले आणि कच्च्या रस्त्यावर दर मीटरला एक बारीक धक्का, तर दिवसाला ऐंशी हजार धक्के. वर्षाचे दोनशे दिवस गाडी चालली तर एक कोटी साठ लाख. हिशोब ढोबळ आहे, पण वोहलरसाहेबांच्या यंत्रालाही हेवा वाटावा असा. जंगलात वेग कमी असतो, तिथे बॉल तुटला तर फारतर सगळे मिळून वाघाऐवजी मिस्त्रीची वाट पाहतील. पण तीच गाडी, तेच टायरॉड घेऊन, संध्याकाळी डांबरी सडकेवरून पाहुण्यांना हॉटेलवर सोडायला जाते. चीर पडते जंगलात. तिचा हिशोब होतो सडकेवर.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्टेअरिंगसाठी वेगळा नियम आहे, अठ्ठ्याण्णवावा. स्टेअरिंगचा मोकळा खेळ तीस अंशांपेक्षा जास्त नसावा, सगळ्या बॉल जॉइंटना रबराच्या टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असं त्यात साध्या शब्दांत म्हटलं आहे. तीस अंश म्हणजे जिप्सीएवढ्या स्टेअरिंगच्या कडेवर मोजलं तर चार इंच. मला विचाराल तर चार इंच फार झाले. दोन इंच झाले की मी खाली वाकून पाहीन. रबराच्या टोपीचं महत्त्व तर नियम लिहिणाऱ्याने बरोबर ओळखलं. टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि विदर्भाची धूळ आत. ती धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. पाच रुपयांची वस्तू वाचवून पाचशेची घालवणं म्हणतात ते हेच.

जंगलवाल्यांचं एक वेळ समजू शकतं, त्यांचं पोट त्यावर आहे. मला चिंता वाटते ती शहरातल्या हौशी पोरांची. रविवारी सकाळी नागपूरच्या रस्त्यांवर पुरुषभर उंच केलेल्या, ट्रॅक्टरसारखे टायर लावलेल्या गाड्या दिसतात. गाडी उंच केली की ड्रॅगलिंकचा उतार वाढतो आणि बॉल वाटीच्या कडेला टेकून अडतो. चाकं बाहेर काढली की दगडाच्या धक्क्याला लांब तरफ मिळते. टायर दीडपट केला आणि खालचा टायरॉड कारखान्याने दिलेलाच ठेवला, तर ज्या मर्यादेखाली पोलाद अमर होतं ती मर्यादा आपण हाताने ओलांडलेली असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीची मूळ रचना अशी बदलता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा हौशी मंडळी फार हळहळली. मोठ्या टायरसाठी लाख रुपये मोजणारा मुलगा टायरॉडकडे वाकूनही पाहत नाही, कारण तो भाग फोटोत येत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी कोलारा गेटवर पहाटे साडेपाचला उभे होतो. थंडी मी म्हणत होती. आमच्या वाट्याला आलेली जिप्सी बरीच जुनी, रंग उडालेली होती. सूनबाईने नाक मुरडलं. ड्रायव्हर पंचविशीतला, जवळच्याच गावचा. त्याने गाइडला स्टेअरिंगवर बसवलं, थोडं-थोडं डावीउजवीकडे हलवत राहायला सांगितलं आणि स्वतः पोतं अंथरून गाडीखाली शिरला. बॅटरीच्या उजेडात एकेका सांध्याला हात लावून तो ऐकत होता. माझा नातूही त्याच्या शेजारी पालथा पडला. थोड्या वेळाने ड्रायव्हर बाहेर आला, फडक्याला हात पुसले.

"काय ऐकून राहिला होता, दादा?" नातवाने विचारलं.

"टक् टक् होते काय, ते."

"मग झालं?"

"नाही झालं," तो म्हणाला. "बसा."